गाळा क्रमांक सत्त्याऐंशी, समोरून

घर बांधून झाले म्हणजे ते पूर्ण झाले, असा अडाणी लोकांचा समज असतो. जाणत्यांना ठाऊक असते की घर पूर्ण होते ते त्याचा फोटो फायलीला लागल्यावर. तोपर्यंत त्याला भिंती, छप्पर, दार आणि आत राहणारी माणसे असतात खरी, पण ती सगळी ऐकीव माहिती झाली. भिंतीला तडा जातो, छप्पर गळते, माणसे तर बोलूनचालून बेभरवशाची. फोटो मात्र एकदा टाचणीने टोचला की वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. म्हणूनच शहाण्या कचेऱ्या घरावर विश्वास ठेवत नाहीत, घराच्या फोटोवर ठेवतात.

नागपुरात प्रताप नगरच्या पुढे, जिथे त्या काळी शहर संपून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरे सुरू व्हायची, तिथे मंडळाने १९६८ साली सुयोग वसाहत बांधली. (मंडळाचे पूर्ण नाव सव्वा ओळीचे होते. वसाहतीत ते फक्त भैयाजी खोरगड्यांना पाठ होते, आणि तेही चुकीचे.) बारा रांगा, रांगेत बारा घरे, एकूण एकशे चव्वेचाळीस गाळे. आराखडा काढणाऱ्या साहेबांनी घर एकच काढले आणि उरलेल्या एकशे त्रेचाळिसांच्या जागी 'वरीलप्रमाणे' असे लिहिले. या काटकसरीबद्दल त्यांना पुढे बढती मिळाल्याचे सांगतात. प्रत्येक घर पश्चिमेकडे तोंड करून, प्रत्येकाला तीन पायऱ्या, एक दार, दोन खिडक्या. त्यातली डावीकडची खिडकी स्वयंपाकघराची. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास ऊन त्या खिडकीतून आत येते आणि ओट्यापाशी जी कुणी उभी असेल तिच्या अंगावर सहापर्यंत मुक्काम करते. साहेब स्वतः कधी ओट्यापाशी उभे न राहिल्यामुळे ही गोष्ट आराखड्यात दाखवण्याचे कारण पडले नाही.

गाळे भाडे-खरेदीचे होते. दहा वर्षे नियमाने राहायचे, मग मालकीपत्र मिळायचे. नियम क्रमांक नऊ असा होता की, मालकीपत्र मिळेपर्यंत गाळा 'मूळ स्वरूपात' ठेवावा, त्यात कसलाही बदल करू नये. हा नियम सर्वांनी नीट वाचला, त्याखाली सह्या केल्या आणि पहिल्या उन्हाळ्यातच गवंडी बोलावले. एक नंबरच्या भैयाजींनी पुढच्या खोलीचे किराणा दुकान केले. पलीकडच्या रांगेतल्या शोभाताईंनी अंगणावर पत्रे टाकून बालवाडी काढली. अठ्ठ्याऐंशी नंबरचा धोंडबा गजभिये मिलमध्ये कामाला होता; त्याने छपरी घातली, तिच्या कडेला कडुनिंब लावला आणि खाली बायकोसाठी, म्हणजे इंदूबाईसाठी, दगडी बाक बसवले. दहा वर्षांत वसाहतीची अशी प्रगती झाली: छपऱ्या एकशे चाळीस, वाढीव खोल्या एकाहत्तर, बुजवलेल्या खिडक्या बावीस, पाडलेल्या भिंती अठरा, आणि कबुतरखाना एक. (कबुतरखान्याच्या मालकाचे म्हणणे असे की, तो मूळ आराखड्यातच होता, कबुतरे उशिरा आली.)

या सगळ्या अनाचारात सत्त्याऐंशी नंबरचे घर मात्र मंडळाने ज्या दिवशी ताब्यात दिले त्या दिवशी होते तसेच उभे होते. त्यात महादेवराव लांजेवार राहत. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे रेकॉर्ड सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि नियमाचा कागद हातात आला की त्यांना देवळात आल्यासारखे वाटे. दहा वर्षांत त्यांनी भिंतीत खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर खुर्चीवर बसवलेले असे, आणि पाहुणा आला की कॅलेंडर उठून पलंगावर जाई.

त्यांच्या पत्नी कुसुमताई. यांचे दहा वर्षांत एकच मागणे होते, ते म्हणजे पुढे एक छपरी. साडी नको, तीर्थयात्रा नको, पंखासुद्धा नको. स्वयंपाकघराच्या खिडकीवर सावली पडेल एवढे चार हातांचे छप्पर. महादेवराव नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत. मालकीपत्र हातात आले की त्याच दिवशी छपरी घालू, असा त्यांनी शब्द दिला, आणि आपण नुसते बोलत नाही हे दाखवण्यासाठी १९६९ साली छपरीच्या खांबांसाठी चार लाकडी बल्ल्या विकत आणून घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. त्या बल्ल्या नऊ वर्षे तिथे मालकीपत्राची वाट पाहत उभ्या होत्या. उन्हाळ्याच्या दुपारी चहा आटोपला की कुसुमताई पदर डोक्यावर घेऊन शेजारी जात आणि इंदूबाईच्या छपरीत दगडी बाकावर बसत. महादेवरावांना ते खटके, कारण ती छपरी अनधिकृत होती.

१९७८ च्या एप्रिलमध्ये परिपत्रक आले. दहा वर्षे पूर्ण झाल्यामुळे मालकीपत्रे देण्याचे मंडळाने ठरवले होते. प्रत्येक गाळेधारकाने अर्जासोबत आपल्या गाळ्याचा एक फोटो जोडायचा होता. फोटो समोरून काढलेला, भरपूर उजेडातला, गाळा क्रमांकाची पाटी स्पष्ट दिसणारा, गाळेधारक सपत्नीक पायऱ्यांवर उभा असलेला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाळा मूळ स्वरूपात असल्याचे त्यावरून सिद्ध होणारा. मुदत एकतीस मे.

वसाहतीत दोन दिवस चुली पेटल्या पण बोलणे झाले नाही. छपऱ्या पाडायच्या, तर मे महिना तोंडावर. न पाडाव्यात, तर घर हातचे जाणार. तिसऱ्या दिवशी भैयाजींनी रहिवासी समितीची बैठक दुकानातच बोलावली आणि सक्करदऱ्याहून आनंदराव पराते नावाच्या फोटोग्राफरला आणवले. आनंदराव लग्नाचे फोटो काढत. नवरानवरी कशीही असली तरी आल्बममध्ये ती सुखी दिसली पाहिजेत, या एका तत्त्वावर त्यांचा स्टुडिओ वीस वर्षे चालला होता. त्यांनी सकाळपासून बारा रांगा पालथ्या घातल्या. एकाही घराला तोंड दिसेना. सगळी छपऱ्यांच्या पदराआड. दुपार कलल्यावर ते सत्त्याऐंशी नंबरसमोर आले आणि सायकल धरून उभेच राहिले. पश्चिमेचे ऊन भिंतीवर सपाट पडले होते. तीन पायऱ्या, एक दार, दोन खिडक्या, मध्ये काही नाही.

महादेवराव दारात आले तेव्हा आनंदराव म्हणाले, "काकाजी, वीस वर्सं झाले मले या धंद्यात. असा उजेड मी घराच्या अंगावर नाई पाह्यला."

महादेवरावांच्या घराचे असे कौतुक दहा वर्षांत कुणी केले नव्हते. ते तिथेच विरघळले. बाकीचे काम आनंदरावांनी दोन वाक्यांत केले. "घर तं सगळ्यायचं सारखंच हाये जी. पाटी तेवढी बदलत जाऊ."

महादेवराव रात्रभर परिपत्रक घेऊन बसले. नियमाबाहेर जाणे त्यांच्या रक्तात नव्हते, म्हणून नियमाच्या आतूनच वाट काढणे भाग होते, आणि ती सकाळी सापडली. मंडळाला काय हवे आहे? मूळ स्वरूप. मूळ स्वरूप किती? एकच, कारण आराखडाच एक. जी गोष्ट एकच आहे ती कुठे पाहिली याला महत्त्व नाही. आणि ती ज्या ठिकाणी शिल्लक आहे तिथेच जाऊन पाहणे हे प्रत्येक गाळेधारकाचे कर्तव्य ठरते. त्यांनी हे टिपण तीन प्रतींत लिहून काढले. समितीने ते न वाचता एकमताने मंजूर केले आणि महादेवरावांना 'फोटो-व्यवस्था प्रमुख' नेमले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रमुख असे कुणी म्हटले नव्हते. त्यांनी त्याच दिवशी टोकनचे पुठ्ठे कापायला घेतले.

मे महिन्यातले तीन रविवार ठरले. आनंदरावांच्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये बारा फोटो निघत, म्हणजे बारा रोलांत बरोबर एकशे चव्वेचाळीस. देवानेच हिशोब जुळवून दिला असे भैयाजी म्हणाले. वेळ दुपारी तीन ते पाच, कारण उजेड तेव्हाच समोरून. म्हणजे दर रविवारी अठ्ठेचाळीस कुटुंबे, प्रत्येकी अडीच मिनिटे. त्या अडीच मिनिटांत आधीच्यांची पाटी काढायची, आपली लावायची, पायऱ्यांवर उभे राहायचे, घर आपले असल्याचा भाव चेहऱ्यावर आणायचा आणि उतरायचे. हा भाव आणणे लोकांना जड जाईल अशी आनंदरावांना भीती होती, पण तसे झाले नाही. कित्येकांनी तर उतरताना भिंतीचा रंग उडाल्याबद्दल महादेवरावांकडे तक्रार केली. आनंदरावांनी स्टुडिओतला काळा कोट आणला होता. तो एकंदर ब्याण्णव पुरुषांनी घातला. महादेवरावांनी तो नाकारला, कारण त्यांच्याकडे निरोप समारंभाचा स्वतःचा कोट होता.

व्यवस्था म्हटली की चहा आला. मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, नागपूरचा माणूस सरबताला नाही म्हणेल पण चहाला म्हणणार नाही. व्यवस्था-प्रमुखाच्या घरासमोर लोक रांगेत उभे आणि घरातून चहा नाही, हे कसे दिसेल? तेव्हा कुसुमताई दुपारी अडीचला स्टोव्ह पेटवून खिडकीपाशी उभ्या राहत, त्या पाचपर्यंत. समोरून ऊन डोळ्यांत येई, म्हणून डाव्या हाताने पातेले सांभाळायचे आणि उजवा हात कपाळावर आडवा धरायचा, ही पद्धत त्यांनी दहा वर्षांत बसवली होती. चहा सगळ्यांनी वाखाणला. साखर पुढच्या वेळी थोडी जास्त घाला, असे भैयाजींनी सुचवले.

दुसऱ्या रविवारी, एकसष्ट नंबरचे टोकन चालू असताना, कुसुमताईंना भोवळ आली. त्यांनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले म्हणून पडल्या नाहीत. इंदूबाई मागच्या दाराने धावत गेली, तळपायांना कांद्याचा रस चोळला आणि महादेवरावांना बाहेर येऊन सांगितले की बाईंना जरा पडू द्या. महादेवरावांच्या हातात बासष्टचे टोकन होते. त्यांनी घड्याळ पाहिले, उजेड पाहिला, रांग पाहिली आणि विचारले, "उभी राहाले जमते का तिले?" तोवर कुसुमताई पुन्हा ओट्यापाशी आल्याच होत्या. महादेवरावांना बायकोचा अभिमान वाटला, आणि त्यांनी बासष्टला हाक मारली.

व्यवस्थापकाने आपले काम शेवटी करावे, या रीतीप्रमाणे सत्त्याऐंशी नंबरचा फोटो सर्वांत शेवटी, बाराव्या रोलचा बारावा, असा ठेवला होता. तिसऱ्या रविवारी पाचला पाच कमी असताना महादेवरावांनी कोट चढवला आणि कुसुमताईंना बाहेर बोलावले. त्यांनी स्टोव्ह बंद केला, तोंड धुतले, आणि आता आत कुणी नाही म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दोघे पायऱ्यांवर उभे राहिले. या वेळी लावलेली पाटी परक्याची नव्हती, घराची मूळचीच होती. फोटो निघाल्यावर कुसुमताई पायरीवरून उतरल्या, मागे गेल्या आणि त्या चार बल्ल्या हात लावून पाहिल्या. एक वाळवीने पोखरली होती, तीन बऱ्या होत्या.

मंडळात अर्ज पोचले आणि छाननी समिती बसली. समितीचे काम फोटो मूळ आराखड्याशी ताडून पाहण्याचे होते. मूळ आराखडा ज्या कपाटात होता त्याच्या डोक्यावर साहेबांचा कूलर होता आणि तो चार उन्हाळे गळत होता. कपाट उघडले तेव्हा आराखड्याचा लगदा झालेला निघाला. समिती गडबडली नाही. अकरा बैठका घेऊन तिने ठरवले की, बहुसंख्य फोटोंत जे समान आढळेल तेच मूळ स्वरूप मानावे. या न्यायाने फोटो तपासल्यावर समितीला धन्य वाटले. अहवालात तिने लिहिले की इतकी शिस्त तिने कुठल्याही वसाहतीत पाहिली नाही. पायऱ्या तीन, दार एक, खिडक्या दोन, आणि डावीकडील खिडकीत एक स्त्री. मध्यम बांध्याची, डोक्यावर पदर घेतलेली, उजवा हात कपाळाशी (बहुधा स्वागतार्थ). ही स्त्री एकशे चव्वेचाळीसपैकी एकशे त्रेचाळीस घरांत जागच्या जागी होती. एकसष्ट क्रमांकाच्या फोटोत तिचे दोन्ही हात गजांवर होते. समितीने तो 'अनुज्ञेय फरक' म्हणून मान्य केला.

एकशे त्रेचाळीस मालकीपत्रे ऑगस्टमध्ये वाटली गेली. भैयाजींनी आपले चौकटीत बसवून दुकानात लावले. सत्त्याऐंशी नंबरला एक लिफाफा आला. त्यात म्हटले होते की, आपल्या गाळ्याच्या फोटोत डावीकडील खिडकी बंद असून तीत स्त्री नाही. मूळ स्वरूपातील हा भाग आपण मंडळाच्या परवानगीवाचून काढून टाकल्याचे दिसते. सबब आपला अर्ज नियम क्रमांक नऊ अन्वये नामंजूर का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष करावा.

महादेवरावांनी पत्र चार वेळा वाचले. पहिल्या तीन वेळा त्यांना त्यात एकही शुद्धलेखनाची चूक सापडली नाही, तेव्हा ते घाबरले.

छाननी अधिकारी माणूस सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवले आणि टेबलावर सगळे फोटो रांगेने मांडले. बारा ओळी, ओळीत बारा, वसाहतीच्या नकाशाप्रमाणेच. शेवटी सत्त्याऐंशीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा साहेब. बाकी सगळ्यांनी ठेवली, तुम्हीच काहून काढली?"

महादेवराव फोटो पाहू लागले. पायऱ्यांवर माणसे बदलत होती, काळा कोट तोच होता, आणि मागे खिडकीत कुसुमताई होत्या. पहिल्या ओळीत होत्या, दुसऱ्या ओळीत होत्या. पाचव्या ओळीत पदराची कडा ओली झाली होती. एकसष्टमध्ये गज धरलेले होते आणि तोंड अर्धे उघडे होते. बासष्टमध्ये हात पुन्हा कपाळावर गेला होता. बायकोकडे सलग इतका वेळ महादेवरावांनी लग्नातही पाहिले नव्हते. तिच्या केसांत एवढे पांढरे कधी झाले, हे त्यांना तिथे, मंडळाच्या टेबलावर कळले. त्यांना फार वाईट वाटले. ते वाईट वाटणे कुठल्या नमुन्यात भरून द्यायचे हे त्यांना ठाऊक नव्हते.

"या माझ्या घरच्या आहेत," एवढेच ते म्हणाले.

अधिकाऱ्याने सत्त्याऐंशीचा फोटो जवळ घेऊन पाहिला. "आपल्या घरच्या तर आपल्या शेजारी उभ्या आहेत," तो समजुतीने म्हणाला. "आणि या इतरांच्या घरांत आहेत. एक बाई एकशे त्रेचाळीस घरांत राहू शकत नाही साहेब. एका कुटुंबाला एकच गाळा, या नियम दोनचा तो भंग होईल."

आता खरे सांगितले तर एकशे त्रेचाळीस मालकीपत्रे रद्द होणार, हे महादेवरावांना दिसत होते. भैयाजींच्या दुकानाचे त्यांना काही नव्हते, पण धोंडबाचे घरही त्यातच होते, कडुनिंबासकट. त्यांनी टेबलावरचे तिरके झालेले फोटो सरळ केले. अधिकाऱ्याला त्यांची दया आली आणि त्याने मार्ग सांगितला. पुन्हा एक फोटो काढून आणा. पत्नी शेजारी उभी हवीच, तो नियमच आहे. आणि खिडकीत स्त्री हवी. कुणीही चालेल, एवढेच की हात कपाळावर असावा.

रहिवासी समितीकडे मदत मागितली तर भैयाजींनी तातडीची बैठक घेऊन दोन ठराव केले. पहिल्यात महादेवरावांबद्दल सहानुभूती व्यक्त केली. दुसऱ्यात, गाळा क्रमांक सत्त्याऐंशीमुळे वसाहतीच्या एकसारखेपणाला बाधा येत असून संबंधितांनी ती सत्वर दूर करावी, असे आवाहन केले. फक्त धोंडबा उठून म्हणाला की मी मंडळात जाऊन खरं काय ते सांगतो, माझा फोटो तुमच्याच पायऱ्यांवर निघालेला आहे. महादेवरावांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. इतिवृत्तात याची नोंद 'किरकोळ चर्चा' अशी आहे.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कुसुमताईंना सगळे सांगितले. इंदूबाई खिडकीत उभी राहायला तयार होती. आनंदराव एकाच फोटोसाठी यायला तयार होते. पुढचा मे उजाडला की उजेडही नीट मिळणार होता. फक्त एक उन्हाळा कळ काढायची. मग मालकीपत्र, मग छपरी. हे सांगताना महादेवराव त्यांच्याकडे पाहत नव्हते. टेबलावरचे फोटो पाहिल्यापासून त्यांना ते जमत नव्हते.

कुसुमताईंनी पातेले उतरवून खाली ठेवले.

"दहा वर्सं मी त्या फोटोतच राहून राहिली जी," त्या म्हणाल्या. "आता मले घरात राहू द्या."

महादेवरावांनी खिशातून परिपत्रक काढले, उलगडले, पुन्हा घडी घातली. एकतीस वर्षांत त्यांना असा शेरा कुठल्या फायलीवर मिळाला नव्हता. ते उठून मागे गेले. तीन बल्ल्या त्यांनी एकेक करून पुढे आणल्या. चौथी धोंडबाने आपल्या घरून दिली. पत्रे धोंडबाच्या मेहुण्याकडून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी छपरी उभी राहिली. महादेवराव एक बल्ली धरून उभे होते आणि ती सरळ आहे का, हे डोळे बारीक करून पाहत होते. चहा इंदूबाईने केला. कुसुमताई छपरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी अनधिकृत बांधकामाची नोटीस आली. महादेवरावांनी घरातला पहिला खिळा ठोकून ती भिंतीवर लावली. दुसरा खिळा ठोकून तिच्या शेजारी कॅलेंडर लावले. खुर्ची त्यामुळे मोकळी झाली.

आता सुयोग वसाहतीत मूळ स्वरूपातले एकही घर उरले नाही, मंडळाच्या फायलीत मात्र एकशे त्रेचाळीस आहेत. एवढे यश पाहून मंडळाने पुढच्या वर्षी वसाहतीला आदर्श ठरवले आणि नव्या योजनेचे रंगीत पत्रक काढले. नवी घरेही पश्चिमेलाच तोंड करून होती. मुखपृष्ठावर त्या फोटोंतलाच एक मोठा करून छापला. निवडला तो एकसष्टवा, कारण त्यात खिडकीतली बाई दोन्ही हातांनी गज धरून मोठ्या उत्सुकतेने बाहेर पाहते आहे, असे जाहिरात विभागाचे मत पडले. खाली ओळ होती, 'आमची गृहिणी आपली वाट पाहत आहे.' फॉर्म नऊ दिवसांत संपले.

तुम्हाला त्यातला एक मिळाला, कारण तुम्ही पहाटेच जाऊन रांगेत उभे होतात. पत्रक तुम्ही घरी आणलेत आणि कौतुकाने आत दाखवायला नेलेत. दुपारची वेळ होती. ओट्यापाशी जी उभी होती तिने कपाळावरचा हात न काढताच सांगितले की हात ओले आहेत, तिथे ठेवा, मग पाहते. तुम्ही ते तिथे ठेवलेत आणि चहाला किती वेळ आहे ते विचारलेत.